दिवा, स्टोव्ह, शॉर्टसर्किट: सोलापूरच्या घरांतील आगींचा इतिहास

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. कारखान्याच्याच इमारतीत मालकाचे कुटुंब राहत होते. कुटुंबातील माणसे आणि कामगार मिळून ८ जण गेले. त्यांत एक लहान मूलही होते. आग आटोक्यात यायला कित्येक तास लागले. वृत्तपत्रांत प्राथमिक अंदाज म्हणून जे कारण छापून आले, ते एका शब्दाचे होते: शॉर्टसर्किट.

त्या दुर्घटनेचा तपास करणे हे आमचे काम नव्हे. तो संबंधित यंत्रणांचा विषय आहे. आम्हाला येथे विचार करायचा आहे तो त्या एका शब्दाचा. आमच्या लहानपणी सोलापुरात घरात कोणी भाजले की बातमीत 'स्टोव्हचा भडका' असे शब्द असत. आमच्या आजीच्या तोंडी आगीच्या ज्या गोष्टी होत्या, त्यांत बहुधा 'चिमणी कलंडली' असे असे. चिमणी, स्टोव्ह आणि शॉर्टसर्किट या तीन शब्दांत शहराचा दीडशे वर्षांचा घरगुती इतिहास सामावलेला आहे. पण हे तिन्ही शब्द ठिणगी कोठून आली एवढेच सांगतात. आग ठिणगीने लागते हे खरे. घर मात्र ठिणगीने जळत नाही.

हा फरक आम्हाला नीट उमगला तो जपानमध्ये. संशोधनाच्या निमित्ताने एक हिवाळा आम्ही तेथे काढला. रात्री गल्लीतून वस्तीतील वडीलधारी मंडळी दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटत 'हि नो योजिन' असे पुकारत जात. अर्थ इतकाच, की आगीची काळजी घ्या. आपल्याकडे गुरखा शिट्टी वाजवतो तो चोरासाठी. तेथे पुकारा होतो तो आगीसाठी. चौकशी करता कळले, की तेथील अग्निशमन खाते प्रत्येक आगीची नोंद करताना कारणाचे तीन रकाने भरते. पहिला रकाना उष्णता कशातून आली याचा, म्हणजे शेगडी, सिगारेट, वायर वगैरे. दुसरा ती बाहेर कशी आली याचा: विसर पडला, कलंडले, सांधा सैल झाला. तिसरा रकाना सर्वांत प्रथम काय पेटले याचा असतो. तळणीतील तेल, अंथरूण, पडदा, कागद. आपल्याकडच्या बातमीत पहिलाच रकाना भरलेला असतो, आणि तोही पुष्कळदा अंदाजाने.

हे तीन रकाने हाताशी ठेवून आपण सोलापूरच्या घरात शिरू.

प्रथम घराकडेच पाहिले पाहिजे, कारण जपानमध्ये तिसऱ्या रकान्यात शतकानुशतके खुद्द घरच होते. लाकडाचा सांगाडा, कागदी सरकती दारे, जमिनीवर भाताच्या काडाच्या चटया. एदो शहर, म्हणजे आजचे टोकियो, इ.स. १६५७ च्या मेइरेकी आगीत बहुतांशी जळून गेले. मृतांचा आकडा एक लाखापर्यंत सांगितला जातो. देवळात जाळायला घेतलेला एक लांब बाह्यांचा किमोनो वाऱ्याने उडाला व त्यातून ही आग पसरली, अशी आख्यायिका तेथे प्रसिद्ध आहे. पुढे १७२० मध्ये शोगुन योशिमुने याच्या राजवटीत कौलांच्या छपरांना परवानगी व उत्तेजन मिळाले. आपल्याकडे याच्या जवळ जाणारे उदाहरण पुण्याचे. लाकडी काम भरपूर असलेला शनिवारवाडा १८२८ मध्ये पेटला आणि सात दिवस जळत राहिला.

सोलापूरकडचे जुने घर याच्या अगदी उलट. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. तुळयांवर लाकडी पाट किंवा काटक्या, त्यांवर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर. धूर जायला एखादा झरोका. अशा घराला काडी लावून पाहिली तरी ते पेटणार नाही. कोकणात किंवा मावळात गवताने शाकारलेल्या घरांची रांगच्या रांग जळाल्याच्या हकिकती ऐकू येतात, तशा माळवदाच्या गावांतून येत नाहीत याचे कारण हेच. उन्हाळ्यात गारवा मिळतो तो वेगळाच.

पण या मातीची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. सोलापुरातही फडताळातील भांडी वाजली आणि लोक रस्त्यावर आले. लातूर-उस्मानाबाद भागात जवळजवळ आठ हजार माणसे गेली, ती आगीने नव्हे, तर मातीच्या सांध्यांच्या दगडी भिंती कोसळून आणि वरचे माळवद अंगावर येऊन. गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, पण जपानमध्येही असेच झाले. १७ जानेवारी १९९५ च्या कोबेच्या भूकंपात जी जुनी लाकडी घरे बसली, त्यांतील पुष्कळांवर मातीत बसवलेल्या जड कौलांची छपरे होती. आगीपासून बचाव करणारे छप्परच भूकंपात घातक ठरले. घर बांधणाऱ्याला दोन शत्रू एकाच वेळी दिसत नाहीत.

तेव्हा सोलापूरचे घर स्वतः जळत नव्हते. तरीही आगी लागत, कारण घरात सूत होते. १८७७ मध्ये येथे पहिली कापड गिरणी सुरू झाली. 'जुनी गिरणी' हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. तिच्या आधीपासून आणि नंतरही तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांचे हातमाग शहराच्या पूर्व भागात घरोघर चालत होते. खोलीच्या जमिनीत खड्डा खणून त्यात पाय सोडून विणकर बसे. त्याच खोलीत सुताच्या लडी, बाजूला चूल, आणि रात्री मागावर टांगलेला दिवा. विसाव्या शतकात हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. सोलापुरी चादरीचे नाव झाले, पुढे टॉवेल आले. राहणे आणि विणणे मात्र पुष्कळ ठिकाणी एकाच छपराखाली राहिले. तिसऱ्या रकान्यात सोलापूरने दीडशे वर्षे एकच शब्द लिहिला आहे. तो म्हणजे कापूस.

पहिला रकाना मात्र बदलत गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेल आपल्या घरांत आले. 'रॉक ऑइल'चे आपण रॉकेल केले. एरंडेल किंवा करडईच्या तेलाच्या दिव्यापेक्षा त्याचा उजेड चांगला, आणि ते स्वस्तही. पण दोन तेलांत एक मूलभूत फरक आहे. गोडे तेल सांडले आणि त्यावर जळती काडी पडली तर काडी बहुधा विझते. रॉकेलचे तसे नाही. द्रव तापत गेला की एका तापमानाला त्याच्या पृष्ठभागावर एवढी वाफ जमते, की जवळ ज्योत आणताच ती भपकन पेटते. या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. इंग्लंडमध्ये दिव्यांचे स्फोट फार होऊ लागले, तेव्हा फ्रेडरिक एबल या रसायनशास्त्रज्ञाने तो मोजण्यासाठी बंद पेल्याचे उपकरण तयार केले आणि १८७९ च्या कायद्याने किमान मर्यादा ठरली ७३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअस.

लंडनच्या हवेत २३ अंश ठीक. सोलापुरात मे महिन्यात मध्यरात्रीसुद्धा पारा याच्या खाली येत नाही. आज भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलचा फ्लॅश पॉइंट निदान ३५ अंश असावा लागतो. तरीही एप्रिल-मे मधल्या दुपारी सोलापुरात सावलीतील तापमान ४२ अंशांवर सहज जाते. म्हणजे कोपऱ्यात ठेवलेल्या डब्यातील रॉकेल काहीही न करता फ्लॅश पॉइंटच्या वर असते. जपानमध्ये आजही रॉकेलच्या शेगड्या हिवाळ्यात सर्रास वापरतात. तेथे त्याची मर्यादा ४० अंश आणि बाहेरची हवा चार-पाच अंशांची. एकच द्रव, पण एका गावात ते निवांत झोपलेले आणि दुसऱ्या गावात जागे. तापमान आणि बाष्पदाब हा पाठ वर्गात घेताना हे उदाहरण जरूर द्यावे. प्रयोग मात्र करू नये.

चिमणी म्हणजे पत्र्याची डबी आणि वात. काच नाही, बूड हलके. कलंडली की तेल आधी सांडे आणि मागून वात त्यात पडे. दुसऱ्या रकान्यात 'कलंडली' आणि तिसऱ्यात 'सूत' असे लिहिले की घटना पूर्ण होते. कंदिलाने काच आणली, मूठ आणली, बूड जड केले. आगी कमी करणारे हे शोध इतके साधे होते, की त्यांचा शोधांच्या यादीत कोणी उल्लेखही करत नाही. ती वात पेटवणारी काडी, तीही बरीच वर्षे जपानहून येत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी भारताच्या बाजारात जपानी काड्यापेट्यांची चलती होती आणि कोबे-ओसाका हा त्या उद्योगाचा प्रदेश होता. जराशा घर्षणाने, प्रसंगी आपोआपही पेटणाऱ्या पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर आपल्याकडे १९१३ मध्ये कायद्याने बंदी आली.

यानंतर स्टोव्ह. येथे आम्हाला थोडे थांबावे लागेल.

स्वीडनच्या लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये पंपाचा स्टोव्ह बनवला. टाकीतील हवेच्या दाबाने रॉकेल तापलेल्या नळीत चढते, तेथे त्याची वाफ होते आणि बारीक छिद्रातून ती जोराने बाहेर पडून निळी जळते. नळी पुरेशी तापली नसेल, तर वाफेऐवजी द्रवच बाहेर फवारला जातो आणि हातभर पिवळी ज्योत उठते. हाच तो भडका. ज्योत मंदावली म्हणून पिन मारणे, स्टोव्ह चालू असतानाच तेल भरणे, घाईने जास्त पंप मारणे ही त्याची नेहमीची निमित्ते. स्टोव्ह जमिनीवर, बाई समोर बसलेली, पदर सुटा. सुती पदर झरझर पेटतो. पॉलिएस्टरचा वितळून कातडीला चिकटतो. हा धोका खरा होता आणि त्याने खरेच बळी घेतले.

पण प्रत्येक वेळी नाही. आमच्या गल्लीत एक वहिनी गेल्या. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. कागदावर 'स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका' असे लिहिले गेले. वेळ रात्री साडेअकराची होती आणि त्या घरात जेवणे आठाला होत, हे गल्लीतल्या सर्वांना ठाऊक होते. आम्ही लहान होतो. मोठी माणसे आमच्यासमोर हा विषय काढत नसत. पुढे विज्ञान शिकल्यावर त्या एका ओळीतील रिकामे रकाने दिसू लागले. जमिनीवरच्या स्टोव्हची ज्योत आधी पदराला किंवा निऱ्यांना लागते. मग तेल डोक्यावर आणि खांद्यांवर कसे? टाकी फुटली असेल तर तिचा पत्रा उसवलेला दिसायला हवा. तो सापडला का? प्रथम काय पेटले, हा प्रश्न विचारला की 'भडका' हे उत्तर पुष्कळदा टिकत नाही.

कायद्याने हा प्रश्न विचारायला १९८० च्या दशकात सुरुवात केली. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ कलम आले आणि लग्नानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या स्त्रीच्या संशयास्पद मृत्यूच्या चौकशीचे नियम कडक झाले. १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब कलम आले. जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेत आहे. पण आकड्यांतील दरी मोठीच राहिली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली आलेल्या एका अभ्यासाने भारतात २००१ या एका वर्षात आगीशी संबंधित १ लाख ६३ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. त्यांत १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. पोलिसांच्या नोंदीच्या हा आकडा सहापट होता. इतक्या स्त्रिया एका उपकरणाच्या दोषाने मरत असत्या, तर ते उपकरण केव्हाच बाजारातून उठले असते.

गॅसविषयी थोडक्यात सांगतो. मुंबईत १९५० च्या दशकात सिलिंडर आले, तेथून हळूहळू सर्वत्र पोचले. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यांतही. आता रेशनचे रॉकेल जवळजवळ आटले आहे आणि पंपाचा स्टोव्ह मुलांना दाखवायचा तर जुन्या बाजारात शोधावा लागतो. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळाला की जमिनीलगत पसरतो, म्हणून उंबऱ्याशी खालून वारा खेळता हवा. जपानमध्ये घरांच्या आगींत संख्येने पहिला क्रमांक स्वयंपाकाच्या शेगडीचाच लागतो आणि त्यांत तळणीचे तेल विसरून जाणे हे जुने दुखणे. तेल साडेतीनशे अंशांच्या पुढे गेले की ठिणगीवाचूनच पेट घेते. तेथे २००८ पासून घरगुती गॅस शेगडीच्या प्रत्येक बर्नरला भांड्याचे बूड तपासणारा संवेदक बंधनकारक आहे. फार तापले की गॅस आपोआप बंद. विसरू नका असे सांगण्याऐवजी माणूस विसरणारच हे त्यांनी धरून चालले, हे आम्हाला शहाणपणाचे वाटते.

आता शॉर्टसर्किट. शब्दाचा नेमका अर्थ असा, की दोन तारा एकमेकींना भिडून प्रवाहाला जवळजवळ रोधच उरत नाही आणि तो एकदम प्रचंड वाढतो. असे झाले की फ्यूज उडतो. त्यासाठीच तो असतो. मग आग का लागते? एक कारण आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात तांब्याची जाड तार वळून बसवायची. हे आम्ही आमच्या घरी पाहिले आहे आणि खरे सांगायचे तर एकदा केलेही आहे.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. बोर्डातील एक स्क्रू सैल झाला आहे असे धरा. सांध्याचा रोध वाढून एक ओहम झाला. त्यातून ८ अँपिअर प्रवाह जातो आहे. उष्णता प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ६४ वॅट. जुन्या साठच्या बल्बाएवढी उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत निघते आहे. प्रवाह मात्र वाढलेला नाही, उलट किंचित कमीच झाला आहे. फ्यूजला काही कळत नाही, एमसीबीलाही नाही. हे शॉर्टसर्किट नव्हेच. जळाल्यानंतर तारांचे आवरण वितळते, मग तारा एकमेकींना चिकटतात आणि पाहणाऱ्याला शॉर्टसर्किट दिसते. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. जपानी घरांत आणखी एक प्रकार वारंवार सांगतात. वर्षानुवर्षे न काढलेल्या प्लगच्या दोन पिनांमध्ये धूळ साचते, तिला दमटपणा मिळतो, बारीक प्रवाह झिरपू लागतो, प्लास्टिक जळून कोळशाची वाट तयार होते आणि एक दिवस ती पेटते. आमच्या तेथील घरमालकीणबाई दर महिन्याला फ्रीजमागचा प्लग काढून पुसायला लावत. आम्हाला तेव्हा हसू येई. सोलापुरात आल्यावर एका ओळखीच्यांच्या यंत्रमागाच्या शेडमधील बोर्ड पाहिला. त्यावर कापसाची लव बोटभर साचली होती. मग हसू आले नाही.

कोबेच्या भूकंपानंतर लागलेल्या ज्या आगींचे कारण निश्चित करता आले, त्यांतील निम्म्याहून अधिक विजेच्या होत्या. काही तर खंडित वीज पुन्हा सुरू केल्यावर लागल्या. सर्वाधिक जळालेल्या भागांपैकी नागाता हा कृत्रिम चामड्याचे जोडे बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांचा आणि त्यांना लागून असलेल्या लाकडी घरांचा भाग. माणसे राहत होती तेथेच कच्चा माल होता. पूर्व सोलापूर ज्याने पाहिले आहे, त्याला हे चित्र परके वाटणार नाही.

कच्चा माल म्हणजे किती? हिशेब मुलांकडून करून घ्यावा. एक किलो कापूस जळताना सुमारे १७ मेगाज्यूल उष्णता देतो, एक किलो रॉकेल ४३. म्हणजे एक टन सूत हे जवळजवळ ४०० किलो, किंवा पाचशे लिटर रॉकेलाएवढे. दोनशे लिटरची अडीच पिंपे रॉकेल कोणी झोपण्याच्या खोलीखाली ठेवणार नाही. एक टन टॉवेल मात्र ठेवतात. टॉवेलचे सूत तर फासे काढून मोकळे केलेले, म्हणजे प्रत्येक धाग्याभोवती हवा. पृष्ठभाग जितका अधिक तितके ज्वलन जलद, हे आपण भुशाच्या उदाहरणाने शिकवतोच. आणि कापसाचा ढीग वरून विझला तरी आत धुमसत राहतो. म्हणून अशा आगी तासन्तास चालतात.

जपानी नोंदीत मृत्यू झाला असेल तर आणखी एक गोष्ट लिहितात: माणूस बाहेर का पडू शकला नाही? तेथे घरांच्या आगींत मरणाऱ्यांपैकी बहुसंख्य ६५ वर्षांवरील असतात आणि 'पळायला उशीर झाला' हे कारण सर्वाधिक आढळते. म्हणून २००६ पासून नव्या आणि २०११ पर्यंत जुन्या अशा सर्व घरांत धुराची सूचना देणारे यंत्र सक्तीचे झाले. झोपलेल्या माणसाला वासाने जाग येत नाही, आवाजाने येते.

गेल्या वर्षी सोलापुरातील एका शाळेत आठवीच्या वर्गाला आम्ही हे चार रकाने फळ्यावर आखून दिले आणि आपापल्या घराचा विचार करून भरायला सांगितले. पहिल्या रकान्यात बहुतेकांनी गॅस, गणपतीपुढची समई आणि मोबाइलचा चार्जर लिहिले. तिसऱ्यात गाद्या, सूत, वह्या. चौथा रकाना पुष्कळांनी कोरा सोडला. मागच्या बाकावरच्या, घरी चार माग असलेल्या एका मुलाने तेवढाच भरला होता. त्याने लिहिले होते, 'रात्री शटरला आतून कुलूप असते. किल्ली पप्पांच्या उशीखाली. खिडकीला चोरासाठी गज.'